प्रेअरीवरचे चौकोन

जमिनीची मोजणी हे वरकरणी अगदी साधे काम. दोन माणसे साखळी धरतात, तिसरा वहीत आकडे लिहितो, संध्याकाळी सगळे घरी जातात. लढाईचे वर्णन पाठ्यपुस्तकात येते, तहाची तारीख परीक्षेत विचारली जाते. मोजणीदाराचे नाव मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. तरीही जमिनीचा इतिहास वाचताना पुन्हा पुन्हा असे दिसते की लढाईने जे अर्धवट राहिले ते मोजणीने पूर्ण केले. याचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण उत्तर अमेरिकेच्या प्रेअरी प्रदेशात आहे.

प्रेअरी म्हणजे गवताचा सपाट मुलूख. अमेरिकेतील इलिनॉय, आयोवापासून पश्चिमेला कॅन्सस, नेब्रास्का, डकोटापर्यंत आणि उत्तरेला कॅनडातील मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टापर्यंत तो पसरलेला आहे. पूर्वेकडच्या भागात गवत माणसाच्या उंचीहून वर जाई आणि त्याची मुळे आठ-दहा फूट खोल उतरत. त्यावर रानगव्यासारख्या बायसनचे कोट्यवधींचे कळप चरत. सॉक, मेस्क्वाकी, लकोटा, पॉनी, क्री अशा कितीतरी जमाती या मुलखात राहत. कोणी मका पिकवत, कोणी शिकारीमागे फिरत. जमीन त्यांची होती. पण ती कागदावर नव्हती. आणि पुढचे सारे या एका फरकातून घडले.

आज विमानातून हा प्रदेश पाहिला तर खाली जणू गणिताच्या वहीचे चौकडीचे पान पसरलेले दिसते. रस्ते सरळ उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम. कित्येक जिल्ह्यांत दर मैलाला एक रस्ता. शेतेही चौकोनी. हा चौकोन निसर्गाने दिलेला नाही आणि तिथल्या शेतकऱ्यानेही आखलेला नाही. तो कायद्याने आखला, आणि तोही शेतकरी तिथे पोहोचण्यापूर्वी.

अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा नव्या सरकारच्या डोक्यावर युद्धाचे कर्ज होते आणि तिजोरी रिकामी होती. हाती एकच संपत्ती होती, पश्चिमेकडची जमीन. ती विकायची तर आधी तिचे तुकडे पाडले पाहिजेत. १७८४ साली थॉमस जेफर्सन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकोनी मोजणीची कल्पना मांडली आणि २० मे १७८५ रोजी जमिनीचा कायदा मंजूर झाला. त्याची रचना शाळकरी मुलालाही समजेल इतकी सोपी होती. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा एक चौकोन म्हणजे एक टाऊनशिप. तिचे एक-एक चौरस मैलाचे ३६ भाग. असा प्रत्येक भाग ६४० एकरांचा. पुढे त्याला सेक्शन हे नाव रूढ झाले. सेक्शनचा चौथा हिस्सा १६० एकर आणि त्याचा पुन्हा चौथा हिस्सा ४० एकर. टाऊनशिपचा नंबर, सेक्शनचा नंबर आणि दिशा एवढे सांगितले की हजार मैलांवर बसलेल्या माणसालाही कोणता तुकडा ते कळे. जमीन न पाहता ती विकता येऊ लागली, विकत घेता येऊ लागली.

या कामाचे हत्यार होते इंग्रज गणिती एडमंड गंटर यांनी १६२० च्या सुमारास रूढ केलेली साखळी. लांबी ६६ फूट, कड्या १००. ऐंशी साखळ्या म्हणजे एक मैल. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. ही साखळी आपल्याला परकी नाही. तिच्या बरोबर निम्मी, ३३ फुटांची साखळी मुंबई इलाख्याच्या मोजणीत वापरली गेली. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे आपला एक गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. सातबाऱ्यावर गुंठ्यांचा हिशेब पाहणारा आपला शेतकरी आणि आयोवाचा शेतकरी एकाच मापाच्या साखळीने बांधलेले आहेत, याची दोघांनाही कल्पना नसते.

त्याआधीही आपल्याकडे मोजणी होतीच. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत क्षेत्रफळाला ‘रकबा’ म्हणतात. मोजणीच्या साखळीला उर्दूत जुना शब्द आहे ‘जरीब’. अकबराच्या काळी तागाच्या दोरीने जमीन मोजत. दोरी ओली असताना एक माप येई, कोरडी असताना दुसरे. म्हणून बांबूचे तुकडे लोखंडी कड्यांनी जोडून नवी जरीब केली, असे ‘आईन-ए-अकबरी’त नमूद आहे. माप पक्के हवे, ही तळमळ सगळ्या राजवटींत सारखी दिसते. कारण सारा आणि मालकी या दोन्ही गोष्टी मापावर उभ्या असतात. पण मुंबई इलाख्याची मोजणी आणि प्रेअरीची मोजणी यांत एक मूलभूत फरक आहे. १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी मोजणी सुरू केली, तिचा हेतू साराच होता, रयतेचे कल्याण हा नव्हे. तरी मोजणीदार मुख्यतः असलेल्या शेतांचे बांध धरून चालला. ओढा वळला तिथे सर्व्हे नंबर वळला. म्हणून आपल्या गावचे नकाशे वेडेवाकडे दिसतात. इथे नकाशा शेताच्या मागून गेला. प्रेअरीत शेताला नकाशाच्या मागून जावे लागले.

प्रत्यक्ष काम सोपे नव्हते. ३० सप्टेंबर १७८५ रोजी थॉमस हचिन्स यांनी ओहायो नदीच्या काठी पहिली रेषा सुरू केली, पण मूळ रहिवाशांच्या हल्ल्याच्या भीतीने पहिल्या वर्षी काही मैलांवरच काम थांबले. पुढे मोजणी पश्चिमेला सरकली तेव्हा जंगल संपले आणि गवत लागले. जंगलात कोपऱ्याजवळच्या झाडावर खूण करून त्याचे अंतर वहीत लिहीत. प्रेअरीवर झाडच नाही, तर खूण कशावर करणार? मग खड्डे खणून मातीचा उंचवटा करत, मध्ये खुंटी ठोकत, कधी खाली कोळसा पुरत, कारण कोळसा कुजत नाही. मोजणीदारांना मैलावर मजुरी मिळे. त्यामुळे काहींनी तंबूत बसूनच रेषा लिहिल्या, असेही घडले. ही कंत्राटी पद्धत १९१० साली बंद झाली. मात्र प्रामाणिक मोजणीदारांच्या वह्या आज अनमोल ठरल्या आहेत. कोठे कोणते झाड होते, कोठे दलदल होती, हे त्यांनी रेषेगणिक लिहून ठेवले. नांगर लागण्यापूर्वी तो प्रदेश कसा होता, हे शास्त्रज्ञ आज त्या वह्यांतून शोधतात.

या आखणीत एक अडचण अशी होती की कोणत्याही कायद्याने ती सुटणारी नव्हती. पृथ्वी गोल आहे. उत्तरेकडे जाणाऱ्या दोन रेषा वरवर समांतर दिसल्या तरी ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात. ४५ अंश अक्षांशावर सहा मैल रुंदीच्या टाऊनशिपची उत्तरेकडची बाजू दक्षिणेपेक्षा सुमारे ४८ फुटांनी आखूड भरते. एकावर एक टाऊनशिप रचत गेले की ही तूट वाढत जाते. म्हणून ठरावीक अंतरावर, पुढे पुढे दर २४ मैलांवर, एक दुरुस्तीची रेषा आखून तिथून मोजणी नव्याने सुरू करत. त्यामुळे मैलोगणती सरळ जाणारा रस्ता अशा रेषेपाशी एकाएकी डावीउजवीकडे वळतो आणि थोड्या अंतरावर पुन्हा सरळ होतो. परक्या वाहनचालकाला हे वळण विनाकारण वाटते. ते पृथ्वीच्या गोलाईचे वळण आहे. सपाट कागदावरचा हिशेब खऱ्या जमिनीवर कधीच पुरता बसत नाही, हे मुलांना शिकवायला याहून चांगला धडा नाही.

या चौकोनांनी लोकांना काही दिलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आम्हा शिक्षकांना तर १७८५ चा कायदा एका कारणासाठी आठवावाच लागेल. प्रत्येक टाऊनशिपमधला १६ नंबरचा भाग सार्वजनिक शाळांच्या खर्चासाठी राखून ठेवला होता. शाळा त्याच जागेवर बांधली जाईच असे नाही. त्या जमिनीच्या भाड्यातून वा विक्रीतून शाळा चालवायची, ही कल्पना. गाव वसण्यापूर्वीच शाळेची तरतूद! पुढे पश्चिमेकडच्या राज्यांत ३६ नंबरचा सेक्शनही त्यात आला. कॅनडाने ११ आणि २९ नंबरचे सेक्शन शाळांसाठी ठेवले. ज्यांच्या शाळा अजून भाड्याच्या खोल्यांत भरतात त्यांनी यावर विचार करावा.

जमीन आधी गरिबाच्या आवाक्यात नव्हती. सुरुवातीला किमान ६४० एकर घ्यावी लागे, एकरी एक डॉलरने. ही किमान मर्यादा १८०० साली ३२० एकर, १८०४ साली १६० आणि १८२० साली ८० एकर झाली. मग २० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. १६० एकरांवर घर बांधून पाच वर्षे राहा, कसा, आणि नाममात्र फी भरून मालक व्हा. अविवाहित स्त्रिया, विधवा, नागरिकत्वाचा अर्ज केलेले परदेशी, सर्वांना दावा करता येत होता. या कायद्याखाली सुमारे १६ लाख दावे मंजूर झाले आणि सुमारे २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी १८७७ साली कॅन्ससमध्ये निकोडेमस ही वस्ती उभारली.

याच चौकोनांत आपल्याला ओळखीची नावेही दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उस्मानी साम्राज्यातील सीरिया-लेबनॉनकडचे मुसलमान शेतकरी नॉर्थ डकोटात रॉस या गावाजवळ येऊन राहिले. त्यांनीही होमस्टेडचे दावे केले, गहू पेरला, कडाक्याची थंडी सोसली. १९२९ साली त्यांनी तिथे एक छोटी मशीद बांधली. अमेरिकेत मशीद म्हणूनच बांधलेल्या अगदी सुरुवातीच्या इमारतींत तिची गणना होते. पुढची पिढी पांगली, १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती इमारत पाडली गेली आणि २००५ साली त्याच जागी एक लहानशी वास्तू पुन्हा उभी राहिली. शेजारी कब्रस्तान आहे. सपाट नकाशा पाहिला तर तिथून मक्का आग्नेयेला वाटते. पण गोल पृथ्वीवरचा जवळचा मार्ग ईशान्येकडून जातो. गोल पृथ्वीचा जो प्रश्न मोजणीदारासमोर होता, तोच नमाज पढणाऱ्यासमोरही होता.

या वाटपाचा एक सामाजिक परिणाम मात्र विचित्र झाला. आपल्याकडे गावठाण एका जागी आणि शिवार भोवती. प्रेअरीत कायद्याप्रमाणे आपल्याच १६० एकरांवर राहायचे, त्यामुळे घर घरापासून अर्धा-अर्धा मैल दूर पडले. पार नाही, चावडी नाही, हाकेच्या अंतरावर शेजारी नाही. हिवाळ्यातल्या हिमवादळात हा एकटेपणा जीवघेणा ठरे. १८७० च्या दशकात रशियातून मॅनिटोबात आलेल्या मेनोनाइट पंथीयांना हे मान्य नव्हते. त्यांनी आपापले दावे एकत्र केले, एका रस्त्याच्या दुतर्फा घरे बांधली आणि शेती भोवती ठेवली. कॅनडाच्या सरकारने त्यासाठी कायद्यात सवलत दिली. चौकोनात राहूनही गाव टिकवता येते, हे त्यांनी दाखवले.

आता दुसरी बाजू. ही २७ कोटी एकर जमीन सरकारकडे आली कोठून? मोजणीच्या पुढे नेहमी एक तह चाले आणि तहाच्या पुढे फौज. १७९४ च्या लढाईनंतर १७९५ साली ग्रीनव्हिलच्या तहात ओहायोचा मोठा भाग गेला. १८३२ साली सॉक सरदार ब्लॅक हॉकचा पराभव झाला आणि आयोवाचे दार उघडले. प्रत्येक वेळी जमातीला थोडी राखीव जागा देऊन पश्चिमेला ढकलले जाई आणि मागोमाग साखळी येई. शेवटी चौकोन राखीव जागांतही घुसला. १८८७ च्या डॉज कायद्याने जमातीची सामाईक जमीन मोडून कुटुंबप्रमुखाला १६० एकर असे तुकडे पाडले आणि ‘उरलेली’ जमीन इतरांना खुली केली. १८८७ साली मूळ रहिवाशांकडे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ साली हा कायदा थांबवला तेव्हा ४ कोटी ८० लाख एकर उरली होती. यातली बरीच जमीन बंदुकीने नव्हे, मोजणी, वाटणी आणि खरेदीखत यांनी गेली. रॉसच्या आपल्या बांधवांनाही जमीन मिळाली ती याच व्यवस्थेतून. त्यांचे कष्ट खरे होते आणि आधीच्यांचे नुकसानही खरे होते. इतिहास वाचताना दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात.

मेस्क्वाकी जमातीची हकीकत या संदर्भात फार बोलकी आहे. आयोवातून कॅन्ससकडे हाकललेल्या या लोकांपैकी काही परत आले आणि १८५७ साली त्यांनी टामा परगण्यात ८० एकर जमीन चक्क विकत घेतली. आपलीच जमीन, पण आता सेक्शनच्या नंबराने आणि पैसे मोजून. पुढे ते एक-एक तुकडा जोडत गेले आणि आज त्यांच्याकडे ८ हजारांहून अधिक एकर आहे. ज्या कागदाने घर गेले तोच कागद शिकून त्यांनी घर परत मिळवले.

कॅनडात मात्र एका तरुणाने साखळीच अडवली. आजच्या विनिपेगजवळ रेड नदीच्या काठी मेती लोक राहत. फ्रेंच वा स्कॉटिश वडील आणि मूळ रहिवासी माता यांच्यापासून झालेला हा समाज. त्यांच्या जमिनी नदीला लागून अरुंद आणि मागे सुमारे दोन मैल लांब, पट्ट्यांसारख्या होत्या. प्रत्येकाला पाणी, प्रत्येकाला थोडे झाड-झाडोरा, मागे सामाईक गवत आणि घरे नदीकाठी शेजारी-शेजारी. हडसन बे कंपनीने हा सारा मुलूख ३ लाख पौंडांना कॅनडाला द्यायचे ठरवले. तिथल्या रहिवाशांना कोणी विचारले नाही. हस्तांतर होण्यापूर्वीच सरकारने चौकोनी मोजणीसाठी माणसे पाठवली. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी ते आंद्रे नो या शेतकऱ्याच्या गवताच्या रानात शिरले. त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने आपला चुलतभाऊ लुई रिएल याला बोलावले. पंचविशीही न गाठलेला, माँट्रियलला शिकलेला रिएल काही साथीदारांसह आला, त्याने साखळीवर पाय ठेवला आणि यापुढे जाता येणार नाही, असे सांगितले. कोणाच्या हातात शस्त्र नव्हते. मोजणीदार परत फिरले.

त्या एका कृतीतून आंदोलन उभे राहिले. १८७० साली मॅनिटोबा हा प्रांत निर्माण झाला, नदीकाठच्या पट्ट्यांना मान्यता मिळाली आणि मेती मुलांसाठी १४ लाख एकर जमिनीचे वचन दिले गेले. वाटप इतके रेंगाळले की बहुतेक कुटुंबे कंटाळून पश्चिमेला निघून गेली. तिथेही मोजणीचा तोच वाद उठला. १८८५ साली बातोशला लढाई झाली आणि १६ नोव्हेंबर १८८५ रोजी रिएलला रेजायना येथे फाशी दिली. २०१३ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकारने त्या १४ लाख एकरांचे वचन तत्परतेने पाळले नाही. २०२३ साली मॅनिटोबाने रिएल यांना प्रांताचे पहिले सन्माननीय मुख्यमंत्री म्हणून कायद्याने मान दिला. १८७४ साली कापेल येथील तहाच्या वेळी सोटो सरदारांनीही विचारले होते की जमीन आमची, तर कंपनीला मिळालेले ३ लाख पौंड आमचे का नाहीत? त्या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळाले नाही.

चौकोनाची किंमत जमिनीनेही मोजली. जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात बजावले होते की पश्चिमेकडच्या कोरड्या मुलखात चौकोन चालणार नाहीत. तुकडे पाण्याच्या हिशेबाने पाडा, चराऊ शेते २,५६० एकरांची ठेवा. त्यांचे कोणी ऐकले नाही. खोल मुळांचे गवत उलथून रेषेत नांगरट झाली. १९३० च्या दशकात पाऊस हटला तेव्हा उघडी माती उडाली. १४ एप्रिल १९३५ चे धूळवादळ इतके काळे होते की तो दिवस ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो. त्यानंतर उताराला आडवी नांगरट शिकवली गेली आणि वारा अडवण्यासाठी १९३४ ते १९४२ या काळात सुमारे २२ कोटी झाडे लावली गेली. आयोवात मूळ उंच गवताची प्रेअरी आज हजारात एक हिस्साही उरलेली नाही. जी थोडी सापडते ती जुन्या कब्रस्तानांत आणि रेल्वेमार्गाच्या कडेला, जिथे नांगर पोहोचला नाही.

मोजणी वाईट म्हणून साखळी फेकून द्या, असा याचा अर्थ नाही. मोजलेली, नोंदलेली जमीन ही गरिबाचीही ढाल असते. ज्याचे नाव कागदावर नाही त्याचा हक्क मागणे किती कठीण जाते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. प्रश्न एवढाच की साखळी कोणाच्या हातात आहे, आणि मोजण्यापूर्वी तिथे राहणाऱ्याला विचारले आहे का. मेस्क्वाकींनी कागद शिकून घेतला, मेनोनाइटांनी चौकोनात गाव वसवले, रिएलने साखळीवर पाय ठेवला. तिघांचे मार्ग वेगळे होते. पण जमीन म्हणजे नुसता रकबा नव्हे, तिच्यावर माणसे राहतात, ही एकच गोष्ट तिघेही सांगत होते. आपल्या मुलांना क्षेत्रफळाचे सूत्र शिकवताना हेही सांगितले पाहिजे. लांबी गुणिले रुंदी हे उत्तर बरोबरच आहे. पण ते जमिनीबद्दलचे पूर्ण उत्तर नाही.